दुसरा गट वाट्याला आला तर?

प्रश्न : माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांमध्ये पसरला असून हार्मोनच्या औषधांना आणि केमोथेरपीलाही तो आता दाद देत नाही. डॉक्टरांनी ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाची चाचणी सुचवली आहे. परंतु ते औषध कोणाला द्यायचे हे संगणक ठरवणार, असे कळल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. होकार द्यावा का?

उत्तर : आईंची धास्ती अनाठायी नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ या ८३१ रुग्णांच्या चाचणीतही सुरुवातीला दुसऱ्या, म्हणजे ल्युटेशियम न मिळणाऱ्या, गटात पडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी निराश होऊन माघार घेतली होती. तेथे दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळत होते आणि दर तिघांपैकी दोघांना त्याखेरीज ल्युटेशियम-१७७ दिले जात होते. त्यांचे मध्यक आयुर्मान १५.३ महिने, तर इतरांचे ११.३ महिने आढळले. म्हणजे रोग समूळ जात नाही, पण मिळणारा काळ नगण्यही नाही. मात्र त्या ‘नेहमीच्या’ उपचारांत केमोथेरपीला मुभा नव्हती, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच दुसऱ्या गटाला नेमके काय मिळणार, हे आधी विचारावे.

त्याआधी वडिलांचा पीएसएमए पेट स्कॅन पाहावा लागेल. कॅन्सरच्या पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला औषधाचा रेणू चिकटतो आणि त्याचे किरण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे स्कॅनमध्ये गाठी उजळल्या नाहीत, तर औषधाला लक्ष्यच उरत नाही. त्याच चित्रात जबड्याखालच्या लाळग्रंथीही उजळलेल्या दिसतात, आणि तोंडाला कोरड पडणे हा त्रास त्यामुळेच संभवतो. थकवा, मळमळ आणि अस्थिमज्जेवर ताण येऊन रक्तपेशी कमी होणे, हेही गृहीत धरावे. प्रत्येक मात्रेआधी रक्ततपासणी होते ती त्यासाठीच.

‘पीएसएमएफोर’ या नंतरच्या चाचणीत दुसऱ्या गटातील रुग्णांना, स्कॅनमध्ये रोग वाढल्याचे दिसताच, ल्युटेशियम घेण्याची मुभा होती. तुमच्या चाचणीत तशी सोय आहे का, हे संमतिपत्रात शोधा. नसेल, तर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध वडिलांना चाचणीबाहेर मिळू शकेल का, हे सही करण्यापूर्वीच विचारा. या दोन्ही उत्तरांनी समाधान झाले, तर मी होकाराच्या बाजूने आहे. सही केल्यावरही चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत, हे आईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.