वॉर्डातला नाला आणि बाजूची बाग स्वयंसेवक घेऊन साफ करायची आहे. लोक दोन रविवार येतात, मग येत नाहीत. माणसं टिकवायची कशी?

माणसांचं नंतर. उपटलेली जलपर्णी टाकणार कुठे ते आधी ठरवा. आमची मेहनत तिथेच वाया गेली आणि माणसंही त्यामुळेच सुटली.

मी छत्रपती संभाजीनगरचा. आमच्या कॉलनीमागचा ओढा खाम नदीला मिळतो. खाम जटवाड्याच्या डोंगराकडून येते, पाणचक्कीला लागून वाहते आणि पुढे नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला मिळते. आमचं शहर पितं ते जायकवाडीचंच पाणी. त्यामुळे ओढ्याला कुणी नाला म्हटलं की मला लागतं. तुमच्याही नाल्याला जुनं नाव असेल, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

होळी झाली की आम्ही सुरुवात केली. दर रविवारी सकाळी 6 ते साडेआठ, त्यानंतर ऊन सोसत नाही. पहिल्या दिवशी आम्ही 23 जण होतो. गाद्यांचा कापूस, नारळ, फुटक्या तसबिरी आणि साड्या. गाळात रुतलेली साडी एकट्याने निघत नाही. एकाने पदर धरायचा, दुसऱ्याने टिकावाने गाळ सैल करायचा, मग ती घमेलंभर काळा चिखल घेऊनच बाहेर येते.

मे महिन्यात जलपर्णी काढली. दाताळ्याने ओढून बागेच्या भिंतीलगत छातीएवढा ढीग लागला. मी म्हणत होतो, ट्रॅक्टर लावू, बागेच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा करून खत करू. आमच्यातले एक काका म्हणाले, "काठावरच वाळू द्या, आपोआप बसंल. ट्रॅक्टरला पैसे कामून घालता?" वयाचा मान म्हणून सगळ्यांनी त्यांचं ऐकलं, आणि वर्गणीतून बागेतल्या बाकांना रंग लागला.

ढीग वरून वाळला, आत ओलाच राहिला. या झाडात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात अर्धा ढीग ओढ्यात घसरला. एक जिवंत फुटवा पुरतो. गरम, सांडपाण्याच्या पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि गाळातलं बी वर्षानुवर्षं मरत नाही. ऑगस्टमध्ये सगळीकडे जांभळी फुलं. पुढच्या रविवारी 7 जण आले. त्यांना मी दोष देत नाही.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. गेल्या रविवारी केलेलं काम या रविवारी दिसलं तर माणूस येतो. म्हणून अख्खा ओढा घेऊ नका, 50 फूट घ्या आणि तेवढाच राखा. ड्रेनेजची लाइन कुठे फुटलीय ते शोधा, फोटोसकट अर्ज द्या, पोच घ्या. जलपर्णी त्याच सांडपाण्यावर पोसते. काठाला करंज, उंबर, जांभूळ लावा, कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड नको. बाकांचा रंग सगळ्यात शेवटी.

हे आधीच सांगायला हवं होतं: गमबूट आणि जाड हातमोजे नसतील तर पाण्यात उतरू देऊ नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. काच लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही, आत गॅस असतो. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदाही आहे.

काका, हे वाचत असाल तर सांगतो, ट्रॅक्टरचे पैसे मी तेव्हाही एकटा द्यायला तयार होतो. होळीनंतर पुन्हा सुरू करतोय. या.