१०.८ म्हणजे नक्की कोणता पत्ता?

प्रिय,

तुझा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) वाचला आणि सोबतचं वर्णनही. आपल्या टूलमधलं आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचे आकडी पत्ते, वाचणारं जुनं, हाताने लिहिलेलं फंक्शन काढून तिथे लायब्ररीतलं आयनेट-पीटॉन बसवायचं. कोड कमी होतो, टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत, आणि ‘पुढे शून्य लावलेले चुकीचे पत्ते यापुढे चालणार नाहीत’ असं तू शेवटी लिहिलं आहेस. कोड नीटनेटका आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते शेवटचं वाक्य खरं नाही. ते पत्ते यापुढेही चालणार आहेत, फक्त दुसऱ्याच मशीनवर जाऊन. रिव्ह्यूच्या कॉमेंटमध्ये हे मावणार नाही, म्हणून पत्र.

जुनं फंक्शन काय करायचं ते आधी पाहू. टिंबावर तोडायचं, चार तुकडे आहेत का बघायचं, प्रत्येक तुकडा दशमानात वाचायचा. त्यामुळे १९२.१६८.००१.०१० हा त्याच्या लेखी १९२.१६८.१.१० होता. आयनेट-पीटॉन कडक आहे. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ते असा पत्ता नाकारतं. इथपर्यंत तुझं बरोबर. पण नाकारल्यावर तुझा कोड काय करतो? ‘पत्ता नाही, म्हणजे होस्टनेम (मशीनचं नाव) असेल’ असं धरून तीच अक्षरं नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेट-अ‍ॅडर-इन्फोकडे देतो. आणि गेट-अ‍ॅडर-इन्फो जुन्या वळणाचं आहे. ऐंशीच्या दशकातल्या बीएसडी युनिक्सपासून चालत आलेली आयनेट-एटॉनची पद्धत ते अजून पाळतं. त्या पद्धतीत पुढे शून्य असलेला आकडा ऑक्टल (अष्टमान) धरतात. ०१० म्हणजे आठ. म्हणजे पुढच्या दारावर तू वॉचमन बसवलास आणि मागचं दार सताड उघडं ठेवलंस.

आता असे पत्ते लिहितं कोण, असं तू विचारशील. एक्सेल वापरणारी निम्मी ऑफिसं. शाखांमधल्या प्रिंटरांची यादी करताना पत्ते मजकूर म्हणून सॉर्ट केले की १० हा ९ च्या आधी येतो, म्हणून कोणीतरी प्रत्येक भाग तीन आकडी करून टाकतं. रकाना सुंदर दिसतो. मग ती शीट सीएसव्ही होते, सीएसव्हीवर एक शेल स्क्रिप्ट चालते, आणि ती स्क्रिप्ट आपलं टूल बोलावते. तुझा पॅच लावून अशी यादी चालवून बघ. ००१ ते ००७ बरोबर जागी जातील. ००८, ००९ आणि पुढे ०१८ सारख्या आठ-नऊ असलेल्या आकड्यांवर ‘नाव सापडलं नाही’ अशी एरर येईल, कारण ऑक्टलमध्ये आठ-नऊ हे अंकच नसतात, मग बिचारं डीएनएसला (नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सेवेला) विचारायला जातं. ०१० चा प्रश्न ८ कडे जाईल, ०११ चा ९ कडे, ०१२ चा १० कडे, आणि तिथे प्रिंटर असले की आनंदाने उत्तरही येईल. १०० च्या पुढचं पुन्हा सगळं सुरळीत. सपोर्टला बसलेल्या माणसाला फक्त आठ-नऊवाल्या ओळी लाल दिसतील. त्या ओळींवर तो दुपार घालवेल, आणि ज्या ओळी खरोखर बिघडल्या आहेत त्या हिरव्याच असतील. आपल्या टूलला रीबूटची सबकमांड आहे हेही लक्षात घे.

एवढंच मला तुला सांगायचं आहे. आधी चालणारी गोष्ट नाकारलीस तर लोक चिडतील, शिव्या देतील, स्क्रिप्ट दुरुस्त करतील. आधी न चालणारी गोष्ट चालू केलीस तर बहुधा कोणाला कळणारही नाही. पण त्याच अक्षरांचा अर्थ गुपचूप बदललास तर दुरुस्त करायचं आहे हेच कोणाला समजणार नाही. म्हणून पार्सर (अक्षरांचा अर्थ लावणारा कोड) बदलताना ही तिसरी शक्यता आधी संपव. जुना अर्थ कितीही विचित्र असला तरी.

विचित्र अर्थ जपणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि ती अडाणी नाहीत. लिनक्सवर पिंग १०.८ असं टाईप कर. ते कंसात १०.०.०.८ छापेल, कारण बीएसडी पद्धतीत शेवटचा भाग उरलेली सगळी जागा घेतो. (१२७.१ हे याच हिशेबाने १२७.०.०.१ होतं. ते रोज टाईप करणारे अ‍ॅडमिन तुझ्या आसपासच सापडतील.) आता आयपी राउट गेट १०.८ करून बघ. तिथे १०.८.०.० दिसेल. एकच मशीन, एकच अक्षरं, दोन पत्ते. ही आयपी कमांड ज्या आयपीरूट२ संचातली आहे त्याच्या सोर्समध्ये आयपीव्ही४ पत्ता वाचणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर एक छोटी कॉमेंट आहे. तिचा मतितार्थ असा: इथे आयनेट-एटॉन किंवा आयनेट-पीटॉन मुद्दामच वापरलेलं नाही, कारण १०.८ हे १०.०.०.८ न वाचता १०.८.०.० वाचायचं हे पूर्वीच ठरलेलं आहे. राउटचं काम अख्ख्या नेटवर्कशी चालतं, तिथे १०.८/१६ असं लिहिणाऱ्याला डावीकडचे आकडेच अभिप्रेत असतात, त्यामुळे निर्णय तेव्हा वेडगळ नव्हता. पुढे कोणीतरी उत्साहाने ‘स्टँडर्ड’ फंक्शन बसवू नये म्हणून ती कॉमेंट तिथे राखण करते. आपल्या जुन्या फंक्शनवर अशी कॉमेंट नव्हती, हा आपला दोष. तुझा नाही.

जीलिबसीने असाच एक बदल २०१९ मध्ये कसा केला ते पाहा, मला तो फार आवडतो. गेट-अ‍ॅडर-इन्फो पत्त्यानंतर स्पेस आणि पुढे काहीही कचरा असला तरी ती ओळ वैध पत्ता म्हणून स्वीकारायचं. असल्या ओळी पुढे लॉगमध्ये किंवा हेडरमध्ये गेल्या की सुरक्षेचं भोक पडतं, आणि सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत त्याची सीव्हीई म्हणून नोंदही झाली. २.२९ आवृत्तीत त्यांनी तेवढं भोक बुजवलं. शेपटी असलेला पत्ता आता चालत नाही. पण त्याच बदलाच्या वर्णनात त्यांनी स्पष्ट लिहिलं की १९२.०००.००२.०१० हे अजूनही १९२.०.२.८ असंच वाचलं जाईल, आणि आयनेट-एटॉनला आम्ही हात लावलेला नाही. काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही याला जास्त शब्द खर्च केले आहेत. तुझ्या पॅचच्या वर्णनात नेमका तोच भाग नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण गो भाषेचं. तिचं पार्स-आयपी आपल्या जुन्या फंक्शनसारखंच पुढचं शून्य सोडून दशमानात वाचायचं. ऑपरेटिंग सिस्टिम ऑक्टल वाचते, आपण दशमान वाचतो, या फटीत कोणी शिरू नये म्हणून ऑगस्ट २०२१ च्या १.१७ आवृत्तीपासून त्यांनी असे पत्ते सरळ नाकारायला सुरुवात केली. अर्थ बदलला नाही, नाकारलं. भाषेच्या जागी बसून विचार केला तर हेच योग्य. पण गोमध्येच लिहिलेल्या, मशीनचे समूह (क्लस्टर) चालवणाऱ्या कुबरनेटीसला ते परवडणारं नव्हतं. लोकांच्या क्लस्टरमध्ये आधीच साठवलेल्या ऑब्जेक्टमध्ये असे पत्ते असू शकत होते. नवी आवृत्ती टाकली की आपलाच डेटा आपल्यालाच वाचता येत नाही, अशी अवस्था झाली असती. म्हणून त्यांनी गोच्या जुन्या पार्सरची प्रत स्वतःकडे ठेवली आणि फंक्शनच्या नावातच ‘स्लॉपी’ घातलं, म्हणजे वापरणाऱ्याला आपण गबाळं काम करतोय याची जाणीव राहील. पुढे काही वर्षांनी त्यांनी कडक तपासणी आणायला घेतली तीही बेताने: नवीन लिहिला जाणारा पत्ता कडक नियमाने तपासायचा, पण आधीपासून साठवलेला आणि न बदललेला पत्ता अडवायचा नाही.

पायथॉनची गंमत उलटी. त्यांचं आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल आधी संदिग्ध शून्यं नाकारायचं. ३.८ मध्ये ही तपासणी काढली. मग ०१०.८.८.८ हा पत्ता मॉड्यूलच्या मते १०.८.८.८, म्हणजे घरच्या खासगी नेटवर्कमधला, आणि सिस्टिमच्या मते ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस. तपासणारा एक वाचतो आणि जोडणारा दुसरं. २०२१ मध्ये ३.९.५ ला तपासणी परत आली, आधीपेक्षाही कडक. दार उघडून पुन्हा बंद करण्यात दोन्ही वेळा कोणाचं तरी मोडतं.

तेव्हा कामाला लागताना आधी कोडला हात लावू नकोस. जुनी बायनरी बाजूला काढून ठेव. विचित्र पत्त्यांची एक फाइल कर: १२७.१, नुसतं ०, १०.८, शून्य भरलेले सगळे प्रकार, २१३०७०६४३३ (हाही १२७.०.०.१ च आहे), मागेपुढे स्पेस, तिरपी रेघ देऊन मास्क (नेटवर्क किती मोठं ते सांगणारा आकडा) लावलेले, कंसातले आयपीव्ही६, आणि टक्क्याचं चिन्ह देऊन इंटरफेसचं नाव जोडलेले लिंक-लोकल (त्याच नेटवर्कपुरते चालणारे) पत्ते. हा शेवटचा प्रकार आयनेट-पीटॉनला मुळीच कळत नाही, आणि आपल्या लॅबमधली मंडळी तो रोज वापरतात. जुन्या बायनरीचं प्रत्येकावरचं उत्तर लिहून घे. ते उत्तर बरोबर आहे की चूक याचा विचार तेव्हा करू नकोस. तीच तुझी टेस्ट फाइल. सध्याच्या टेस्ट हिरव्या होत्या कारण त्यांत एकही शून्य नव्हतं. खऱ्या पत्त्यांऐवजी शक्य तिथे १९२.०.२ ने सुरू होणारे घे. ते नमुन्यासाठीच राखून ठेवलेले आहेत, चुकून पॅकेट सुटलं तरी कोणाच्या दारात जाणार नाही.

मग पत्ता एकदाच वाच. वाचल्यावर बत्तीस बिटांचं जे हाती येतं तेच पुढे ने, मूळ अक्षरं पुन्हा कोणाकडे देऊ नकोस. अंक आणि टिंबं यांपलीकडे काहीच नसलेली ओळ वाचता आली नाही तर तिथेच थांब, होस्टनेमच्या वाटेला जाऊ नकोस. यात १२७.१ बंद पडेल, कारण तो आतापर्यंत त्याच मागच्या दाराने येत होता. त्याला चालू ठेवायचा असेल तर उघडपणे ठेव, टेस्ट लिहून. माझं मत चालू ठेवावा असं आहे, पण भांडणार नाही. आणि आपण काय समजलो ते पिंगसारखं कंसात छापत जा.

शून्यांचं काय? या आवृत्तीत अर्थ जुनाच ठेव, दशमान, आणि स्टँडर्ड एररवर इशारा दे. स्टँडर्ड आउटपुटवर नको, तिथे लोकांच्या ऑक आणि ग्रेप या मजकूर चाळणाऱ्या कमांड बसलेल्या आहेत. इशाऱ्यात ‘१९२.१६८.००१.०१० ऐवजी १९२.१६८.१.१० लिहा’ असं तयार उत्तर दे, आणि कोणत्या आवृत्तीपासून नाकारणार तिचा आकडा दे. आकडा का, ते आयपीरूट२ कडूनच शिकता येतं. आयपी अ‍ॅड्रेस डिलीट करताना मास्क दिला नाही तर ते सांगतं की जुन्या स्क्रिप्टांसाठी आम्ही हे चालवून घेतोय, हे वागणं पुढच्या आवृत्त्यांत बहुधा जाईल, स्क्रिप्ट सुधारा. हा इशारा कित्येक वर्षं तिथे आहे आणि ते वागणंही तिथेच आहे. तारीख नसलेल्या इशाऱ्याकडे आपण सगळे जसं बघतो तसंच लोक त्याच्याकडे बघतात.

पॅच दोन भागांत पाठव, आधी टेस्ट फाइल, मग बदल. पहिला भाग मी बघितल्याबरोबर घेईन. आयपीव्ही६ पत्त्याला पोर्ट जोडायचा प्रश्न तू वर्णनात ओझरता काढला आहेस, तो यात घालू नकोस. ते वेगळं भांडण आहे आणि त्यात मीही एका बाजूला आहे.

तुझा,
रिव्ह्यू अडवून बसलेला