सीतेची वेणी मातीत का कुजते?

आपण लिहिले आहे की, सीतेची वेणी (झाडांच्या सालीवर वाढणारे ऑर्किड) बागेतल्या मातीत शेणखत मिसळून लावली, दोन वेळा पाणी दिले, तरी खालची पाने पिवळी पडून गळत आहेत. कृपया खत वाढवू नका. दुखणे मुळांचे आहे.

हे ऑर्किड बांडगूळ नव्हे. सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या सालीला ते धरून राहते खरे, पण त्या झाडातून काहीही शोषत नाही. पावसाचे पाणी आणि सालीवरून ओघळून येणारे क्षार एवढ्यावरच त्याची गुजराण होते. त्याच्या जाड मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, आणि पाणी पडताच काही क्षणांत ते भिजून आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी केव्हा द्यायचे हे ठरवण्यासाठी याहून चांगली खूण मला माहीत नाही. मूळ पुन्हा रुपेरी होईपर्यंत थांबावे. मातीत हे आवरण सुकतच नाही, मुळाला हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते.

रोप आजच काढून मुळे धुवा. बोटांनी दाबल्यावर पिचकणारी, तपकिरी मुळे ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्याने कापा. टणक असलेले एकही मूळ कापू नका. नंतर दोन दिवस सावलीत कोरडे ठेवून, साल असलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर सुती पट्टीने बांधा. शेंडा किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजणार नाही. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत मुळे सुकतात; उन्हाळ्यात गरज पडल्यास पुन्हा द्यावे, हिवाळ्यात बरेच कमी करावे. बोअरचे पाणी जड असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरा, कारण क्षारांचा थर मुळांची टोके जाळतो. मुळांना नवी हिरवी टोके फुटल्यावरच १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा ओल्या मुळांवर फवारा.

जागा ५० टक्के शेडनेटखालची (निम्मे ऊन अडवणाऱ्या जाळीखालची), वारा खेळता असलेली हवी. गर्द हिरवी पाने पाहून समाधान मानू नका. ती अपुऱ्या उजेडाची निशाणी आहे, आणि उजेड कमी पडला की मे-जूनमधला बहर हुकतो. यंदा मात्र तुरा निघालाच, तर तो लहान असतानाच काढून टाका; मुळे गमावलेल्या रोपाला फुलांचा भार पेलवत नाही.