घरी बसलेल्या मुलांसोबत काम सुरू करताना

पहिल्याच महिन्यात दोन मुलं यायची बंद झाली म्हणून खचू नकोस. माझी चार गेली होती.

आधी 'रिकामटेकडा' हा शब्द डोक्यातून काढ. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत साधारण १५ ते २४ वयाचे, शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले सगळे एकाच रकान्यात पडतात. त्यात आजारी आईचं सगळं करणारी मुलगी असते, तशीच नापास झाल्यापासून तोंड लपवणारा मुलगाही. दोघांना एकच औषध कसं लागू पडेल?

नवखे हमखास इथे चुकतात:

- पहिल्याच भेटीत 'पुढे काय ठरवलंयस?' हा प्रश्न. घरी त्याने तो शंभरदा ऐकलेला असतो. 'काल काय केलंस?' असं विचार. एक जण मला 'काहीच नाही' म्हणाला. अर्ध्या तासाने कळलं, शेजाऱ्यांचा बंद पंखा त्यानेच चालू करून दिला होता. आमचं खरं बोलणं तिथून सुरू झालं.
- आईवडिलांसमोर बोलणं. मूल गप्प, आईच उत्तरं देते.
- सकाळी नऊची वेळ देणं. पहाटे तीनला झोपणारा येणार कसा? बाराला बोलाव, मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे ये. आणि वेळ तू स्वतः पाळ, नाहीतर सगळं मुसळ केरात.

जेवण तुटलंय, जिवाचं बरंवाईट करायची भाषा येतेय, तर ते तुझ्या एकट्याचं काम नाही. त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घे आणि डॉक्टरकडे सोबत जा.

बायोडेटा, अर्ज, कोर्स यांचं तिसऱ्या महिन्यात बघू.