मानेची गाठ आणि सुईची तपासणी

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी 19 वर्षांची आहे, दोन महिन्यांपासून मानेला उजव्या बाजूला आवळ्याएवढी गाठ आहे. दुखत नाही पण संध्याकाळी अंगात कणकण असते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, सोनोग्राफी झाली, आता सर्जननी एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी) लिहून दिलीय. सासूबाई म्हणतात गाठीला सुई लावली की ती चवताळते, कॅन्सर होऊन पसरतो. सध्या त्यांनी लेप चालू केलाय. त्यापेक्षा सरळ ऑपरेशन करून गाठच काढली तर?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, सासूबाईंचं हे वाक्य मी पॅथॉलॉजीत आल्यापासून ऐकतोय. होतं काय, की लोक गाठ घेऊन सहा-सहा महिने घरी बसतात, मग कधीतरी सुई होते, रिपोर्टमध्ये कॅन्सर येतो, तोवर तो पसरलेलाच असतो आणि बोल मात्र सुईला लागतो. साध्या गाठीचा सुईने कॅन्सर होत नाही. सुईच्या वाटेने पेशी सांडणं फार क्वचित घडतं, आणि जिथे तो धोका खरंच मानतात, उदाहरणार्थ वृषणातली गाठ, तिथे आम्ही स्वतःच सुई घालायचं टाळतो.

सुई असते 23 ते 25 नंबरची, नंबर वाढला की सुई बारीक, म्हणजे रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक. गाठ दोन बोटांत धरायची, सुई आत मागेपुढे हलवायची, तेवढ्यात पेशी तिच्यात चढतात, त्या काचेच्या स्लाइडवर पसरवायच्या. दोन-तीनदा टोचावं लागतं, भूल सहसा लागत नाही, पाच मिनिटं बोळा दाबून धरला की मुलगी घरी.

आता तुमच्या मुलीचं वय, न दुखणारी गाठ आणि संध्याकाळची कणकण बघता माझ्या डोक्यात पहिला येतो तो टीबी, जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणायची. हा अंदाजच, न तपासता मी काही ठरवणार नाही. पण म्हणूनच एक काम नक्की करा, सुई लावायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना सांगा की थोडं मटेरियल सलाईनमध्ये सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या टेस्टसाठी, बाजूला ठेवा. सगळं स्लाइडवर गेलं आणि रिपोर्टमध्ये नुसतं ‘ग्रॅन्युलोमा’ (टीबीत दिसणारा, पण इतर आजारांतही दिसू शकणारा पेशींचा पुंजका) आलं तर पोरीला परत टोचून घ्यायला जावं लागतं, हे इतक्या वेळा बघितलंय की आता चिडचिड होते, एका छोट्या ट्यूबचा प्रश्न असतो फक्त! सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही कळतं. सरकारी दवाखान्यात ही टेस्ट आणि औषधं दोन्ही फुकट आहेत.

सरळ ऑपरेशन का नको, तर टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी गाठ बरी होते, मग मानेवर कायमचा व्रण कशाला, आणि टीबीची गाठ कापली तर कधीकधी जखम भरतच नाही, वाहत राहते. गोळ्या चालू असताना गाठ मध्येच थोडी फुगू शकते, तेव्हा घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुईला मर्यादा आहेतच. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ ‘गाठीत काही नाही’ असा होत नाही, पुन्हा टोचा, जमलं तर सोनोग्राफीत बघून. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका आली तर मात्र गाठ काढून बायोप्सी करावीच लागते, कारण त्याचा प्रकार ठरवायला गाठीची आतली रचना बघावी लागते आणि सुईत येतात त्या सुट्या पेशी.

जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या, मुलगी नाश्ता करून गेली तरी चालतं, रक्त पातळ व्हायचं औषध चालू असेल तर आधी सांगा. आणि लेप आदल्या दिवशीच धुऊन टाका.