कायम नोकरीची वाट पाहणाऱ्या एका तरुणास

चिरंजीवास अनेक शुभाशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूजन लाइनवर (वितळलेल्या प्लास्टिकचा सलग पाइप काढणाऱ्या यंत्रांवर) तीन वर्षे राबून, एकामागून एक दोन ठेकेदारांकडे राहून, तुझ्या ओळखपत्रावर अजून कंपनीचे नाव आलेले नाही. चाकणच्या एका कारखान्याकडून दोन वर्षांच्या मुदतीच्या नोकरीचे बोलावणे आले आहे आणि वडिलांचा आग्रह असा की, ठेकेदारामार्फत का होईना, भुसावळजवळच्या दीपनगरच्या सरकारी वीज केंद्रात शिरावे, कारण सरकारी ठिकाणी आज ना उद्या कायम करतातच. मी माझी उमेदीची वर्षे कारखान्यांच्या कामगार विभागात घालवली आणि हजेरीपटावरची नावे येताना-जाताना पाहिली. त्या अनुभवावरून मला जे ठामपणे वाटते ते आधीच सांगतो. कायम करण्याचे जे आश्वासन केवळ तोंडी आहे, त्यावर तू एकही निर्णय बेतू नकोस. नोकरी सुटली तरी जे तुझ्याबरोबर चालत येते, म्हणजे तुझ्या सेवेची कागदावरची नोंद आणि तुझ्या हातातले कसब, ते ज्या निर्णयाने वाढेल तो निर्णय घे.

वडिलांवर मात्र रागावू नकोस. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी लावणाऱ्या माणसाने मे महिन्यातल्या एका वादळात उभी बाग आडवी झालेली पाहिलेली असते, आणि बाग वाचली तरी भाव व्यापाऱ्याच्या फोनवर ठरतो हेही त्याने आयुष्यभर सोसलेले असते. त्याच माणसाने भुसावळला रेल्वेत लागलेल्या आपल्या बरोबरीच्या मित्राला क्वार्टर, पास आणि निवृत्तिवेतन मिळालेलेही पाहिलेले असते. मुलाने पगारी आणि कायम व्हावे ही त्याची ओढ अशा तुलनेतून आलेली आहे. फक्त त्या पिढीने पाहिलेली कायम नोकरी आता त्याच रूपात उरलेली नाही, हे त्यांना समजावून सांगणे तुझे काम आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून आणि आपल्या राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. खासगी क्षेत्राचा दाखला हवा असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या गिरण्यांचा घ्यावा. जळगावच्या खान्देश मिलमध्ये कायम असलेल्यांची नोकरी गिरणीबरोबरच संपली, आणि आज त्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे.

दीपनगरविषयी वडील म्हणतात ते पूर्णपणे निराधार नाही, पण त्यावर संसार उभा करता येणार नाही. ठेकेदारी पद्धत एखाद्या कामावर बंद झाली तरी तिथले कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले आहे. २००६ च्या उमादेवी खटल्यात घटनापीठाने असा निकाल दिला की, रीतसर भरतीखेरीज तात्पुरत्या किंवा कंत्राटी म्हणून लागलेल्या माणसाला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून सरकारी सेवेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यानंतर २०१६ मध्ये याच न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दीर्घकाळ राबवून घेतलेल्या काही कर्मचाऱ्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेशही दिला. म्हणजे दार अगदीच बंद आहे असे नाही. परंतु ज्यांना असा न्याय मिळाला त्यांनी आधी वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर काम केले आणि मग न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तुझ्या वयाच्या मुलाने तो मार्ग जाणूनबुजून निवडावा असे मी कधीही म्हणणार नाही. दीपनगरला तिथल्या यंत्रांवर खरोखर काही शिकायला मिळणार असेल तर जा. केवळ सरकारी फाटकाच्या आत उभे राहण्यासाठी मात्र जाऊ नकोस. कायम जागा हवीच असेल तर रीतसर जाहिरात निघेल तेव्हा परीक्षा द्यावी, आणि त्या तयारीला किती वर्षे द्यायची ते घरी बसून आधीच ठरवावे. जळगावच्या अभ्यासिकांमध्ये अशी मुदत न ठरवल्यामुळे तिशी ओलांडलेली हुशार मुले मी पाहतो, तेव्हा जीव तुटतो.

आता चाकणचे. तुझ्या पत्रात तू ठेकेदारीतली आणि मुदतीची नोकरी एकाच पंक्तीला बसवली आहेस, आणि इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. ठेकेदारीत तुझा मालक ठेकेदार असतो. कंपनीने ठेका बदलला की तुझी नोकरी लोंबकळते, आणि कारखान्यात कुणी कितीही म्हटले की २४० दिवस भरले म्हणजे आपण परमनंट, तरी ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे दिवस तुला कंपनीत आपोआप जागा मिळवून देत नाहीत. ठरावीक मुदतीच्या नोकरीत मात्र कंपनी स्वतः तुला नेमते, मुदत पत्रात लिहिलेली असते, आणि त्या काळात तेच किंवा तसेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकेच वेतन आणि सवलती तुला द्याव्या लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. एरवी ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) पाच वर्षांची सलग सेवा लागते, पण या संहितांनुसार मुदतीच्या कामगाराला ती एका वर्षाच्या सेवेनंतरच मिळते. नियुक्तिपत्र देणेही आता सक्तीचे आहे. म्हणून चाकणहून जे पत्र येईल ते कंपनीच्या नावाचे आहे की एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे सर्वांत आधी पाहा. तोंडी कंपनीचे नाव घ्यायचे आणि कागद एजन्सीचा पुढे करायचा, हे सर्रास चालते.

भविष्य निर्वाह निधीकडे (पीएफकडे) तुझे दुर्लक्ष झाले आहे असे तुझ्या पत्रावरून दिसते, म्हणून त्याविषयी थोडे जास्त लिहितो. तुझ्या पगारातून बारा टक्के कापले जातात आणि तितकेच मालकाने घालायचे असतात. मालकाच्या वाट्यातून, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, पगाराच्या ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात. तुझा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, आयुष्यभर एकच राहिला पाहिजे. ठेकेदार बदलला तेव्हा दुसऱ्याने घाईघाईत नवा क्रमांक तर काढला नाही ना, आधीच्याने तुझी नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, आधार कार्डावरचे नाव आणि जन्मतारीख तिथे तंतोतंत जुळते ना, हे या आठवड्यातच पासबुक उघडून तपास. कापलेली रक्कम दर महिन्याला जमा होते का, हेही तिथेच कळते. ती होत नसेल तर गप्प राहू नकोस. आणि आपल्याकडे जे सर्रास केले जाते, म्हणजे नोकरी सुटली की पेरणीसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी सगळा पीएफ काढून खाते रिकामे करायचे, ते तू करू नकोस. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. प्रत्येक वेळी पैसे काढणाऱ्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, तर जो जुने खाते नव्यात वर्ग करतो त्याची वेगवेगळ्या मालकांकडची सेवा एकत्र जोडली जाते. मध्ये काही काळ घरी बसावे लागले तर निवृत्तिवेतनाची रक्कम न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवता येते. पाच जागी तुकड्या-तुकड्याने नोकरी करूनही दहा वर्षे भरता येतात, हे ठेकेदारीतल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून मी इतके लिहिले.

पगाराच्या आकड्यातही एक खाच आहे. आत्ता तुला सोळा हजार मिळतात आणि चाकणला साडेबावीस सांगितले आहेत. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. त्याच्या वरच्या पगारावर नव्या ठिकाणी लागलास तर तिथे ती लागू होणार नाही, आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचारांची जी सोय आज आहे ती पुढे राहणार नाही. आजवर कापलेल्या वर्गणीचा लाभ काही महिने चालतो, कारण एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत हक्क असतो. त्यानंतर काय, हे आधी विचारायला हवे. कंपनी सामूहिक आरोग्य विमा देते का आणि त्यात आई-वडील येतात का, हे लेखी विचार. साडेबावीस हजार हातात पडणार आहेत की मालकाचा पीएफचा वाटा धरून सांगितले आहेत, तेही स्पष्ट करून घे. मग खोलीचे भाडे, अनामत, मेस, शिफ्टला जाण्या-येण्याचा खर्च आणि घरी पाठवायची रक्कम एका कागदावर मांड. जळगावला तू घरचे खाऊन कामावर जातोस. ती बचत हिशेबात धरली नाही तर मोठा आकडा फसवतो.

तरीही माझा कल चाकणकडे आहे, आणि त्याचे कारण पगार नाही. तू पत्रात लिहिलेस की तिथे गाड्यांचे प्लास्टिकचे भाग इंजेक्शन मोल्डिंगवर, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून, होतात आणि त्यातले तुला काही येत नाही. मला तसे वाटत नाही. स्क्रू आणि बॅरल तेच, तापमानाचे झोन तसेच, कच्च्या मालातली ओल आणि जळालेला माल ओळखण्याची नजर तीच. पाइपला आकार देणाऱ्या तुझ्या डायच्या जागी तिथे साचा असेल, दाब आणि थंड होण्याचा वेळ नव्याने शिकावा लागेल. तीन वर्षे रात्रपाळीत पाइपची जाडी कमी-जास्त का होते याचा शोध घेणाऱ्या मुलाला ते सहा महिन्यांत जमेल. इथे मात्र तुझ्या लाइनवर शिकण्यासारखे फार उरलेले दिसत नाही, कारण देखभालीचे काम कंपनीच्या माणसांकडे आहे आणि तुला फक्त चालवण्याचे. तिथे देखभाल विभागाजवळ राहा, पीएलसी (यंत्राचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) समजून घे, आणि एक वही कर. कोणत्या दिवशी काय बिघडले, कारण काय निघाले, कसे दुरुस्त केले, किती वेळ लाइन बंद राहिली, एवढेच तिच्यात लिहीत जा. कंपनीची गोपनीय माहिती किंवा नकाशे त्यात नकोत. पुढच्या मुलाखतीत नोकऱ्या का बदलल्या हा प्रश्न येईलच. अशा वेळी जो मुलगा स्वतः सोडवलेल्या बिघाडांविषयी नेमके बोलतो, त्याच्या नोकऱ्यांच्या संख्येकडे समोरचा माणूस फारसे पाहत नाही, हे मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून अनुभवले आहे. पुढे साचे बनवण्याच्या कामात रस वाटला तर सिपेट या केंद्रीय संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे आणि प्लास्टिकच्या साच्यांच्या आरेखनाचा पदविकेनंतरचा अभ्यासक्रम ती संस्था चालवते. दोन वर्षांची मुदत संपताना हाताशी हा पर्याय असावा.

तुझ्या मित्राने सूरतला बोलावले आहे, त्याचा विचार करू नकोस. लिंबायत-उधन्यात आपली असंख्य माणसे कष्टाने उभी राहिली, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तू सांगतोस त्या कामात पगारपावती नाही आणि पीएफ नाही; तिथे घालवलेली वर्षे कागदावर कुठेच दिसणार नाहीत.

सध्याची नोकरी सोडताना घाई करू नकोस. ठरलेल्या मुदतीची लेखी सूचना दे आणि तिच्या प्रतीवर पोच घे. गेल्या तीन वर्षांच्या पगारपावत्या, दोन्ही ठेकेदारांकडचे अनुभवपत्र, ओळखपत्राची छायाप्रत हे सगळे बाहेर पडण्यापूर्वी गोळा कर, कारण ठेका संपला की ठेकेदाराचे कार्यालय सापडत नाही. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता व्हायला हवा. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्या कामगाराला कायद्याच्या वेतनमर्यादेत ८.३३ टक्के किमान बोनसचा हक्क असतो, आणि ठेकेदारीतल्या माणसालाही तो लागू आहे. दिवाळीत मिठाईचा डबा हातात देऊन तो फिटत नाही. हे सगळे नम्रपणे पण लेखी माग. नव्या ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नकोस, आणि कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागितली तर त्याच क्षणी परत फिर. अशा सह्या पुढे कशा वापरल्या जातात ते मी जवळून पाहिले आहे.

लग्नाचा विषय तू संकोचाने शेवटी लिहिला आहेस. मुलगा कायम आहे का, हा पहिला प्रश्न आपल्या भागात प्रत्येक घरी विचारला जातो आणि त्याने चांगल्या मुलांची मान खाली जाते, याचे मला फार वाईट वाटते. कोणी विचारले तर खोटे सांगू नकोस. मुदतीची नोकरी आहे, कंपनीच्या नावाची आहे, पीएफ सलग आहे, गाठीला चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे, इतके सरळ सांगावे. आणि तो चार महिन्यांचा खर्च खरोखर बाजूला ठेवावा. पेरणीच्या दिवसांत घरून मागणी येईल तेव्हाही त्याला हात लावू नये, यासाठी वडिलांशी आताच बोलून घे. हवे असेल तर मी येत्या रविवारी तुमच्याकडे येतो आणि तिघे बसून बोलू. तोपर्यंत चाकणचे नियुक्तिपत्र आले तर त्याची छायाप्रत आधी माझ्याकडे पाठव. नेमणूक कोणाच्या नावाची, मुदत किती, मूळ वेतन किती आणि मुदतीआधी काढल्यास किती दिवसांची सूचना, ही चार कलमे आपण दोघे वाचू आणि मगच तू सही कर.

तुझा शुभचिंतक