२१२ दिवसांचा हिशेब

प्रश्न : मी डिचोली येथे राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझे थोरले बंधू (वय ६७) १९९१ साली नोकरीनिमित्त कॅनडातील ओंटारिओ प्रांतात गेले. वहिनी (वय ६४) मात्र आमच्या आईच्या आजारपणामुळे येथेच राहिली आणि आई गेल्यानंतर, २००९ साली, धाकट्या मुलाला घेऊन तिकडे गेली. दोघेही आता कॅनडाचे नागरिक आहेत आणि दोघांकडेही ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. गेले तीन हिवाळे त्यांनी मेक्सिकोत, चपाला सरोवराच्या काठच्या अहिहिक या गावी, भाड्याच्या घरात काढले. आता ओंटारिओतील घर विकायचे, पुएर्तो वायार्ता येथे समुद्राजवळ लहानसे घर घ्यायचे आणि वर्षातील आठ महिने तेथे व चार महिने मुलाकडे राहायचे, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी डिचोलीच्या घरातील आणि कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागायतीतील) आपला हिस्सा विकण्याची कागदपत्रे बघ, असे दादाने मला कळवले आहे. त्याची रक्तदाबाची गोळी याच पावसाळ्यात बदलली आहे, हेही सांगते. हा बेत व्यवहाराला धरून आहे का? आणखी एक विचारायला संकोच वाटतो : ऊन आणि समुद्रच हवा होता, तर गोवा काय वाईट होता?
— एक भगिनी, डिचोली

उत्तर : आपल्या बंधूंचा बेत मुळातून चुकीचा नाही, परंतु आठ महिन्यांचा आकडा चुकीचा आहे. आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस, आणि ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, ज्याला तेथे ‘ओहिप’ म्हणतात, कोणत्याही १२ महिन्यांच्या काळात किमान १५३ दिवस प्रांतात प्रत्यक्ष राहावे लागते. म्हणजेच प्रांताबाहेर राहण्यास जास्तीत जास्त २१२ दिवस मिळतात. शिवाय आपले मुख्य घर ओंटारिओत असले पाहिजे, अशीही अट आहे. मुलाच्या घरी राहून ती पाळता येते, पण मग चार महिने पाहुण्यासारखे जाऊन भागणार नाही. पत्ता, बँक, वाहन परवाना, डॉक्टर हे सारे तेथेच ठेवावे लागेल. साठी उलटल्यावर मोफत उपचारांचा हक्क केवळ २८ दिवसांच्या चुकीपायी गमावणे कोणालाही परवडणारे नाही.

तो हक्क राखला तरी मेक्सिकोत तो फारसा कामाला येत नाही. परदेशात अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ओहिप दिवसाला फार तर ४०० कॅनेडियन डॉलर देते, आणि खासगी रुग्णालयाचे बिल त्याच्या कितीतरी पट होते. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणारे कॅनडातील वृद्ध, ज्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ असे कौतुकाचे नाव आहे, दरवर्षी प्रवासाचा आरोग्य विमा घेतात. येथे आपण सहज लिहिलेले वाक्य फार महत्त्वाचे ठरते. या विम्यांमध्ये पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी ‘स्थिर प्रकृती’ची अट असते, निघण्यापूर्वीच्या ठरावीक काळात, जो पॉलिसीनुसार ९० किंवा १८० दिवसांचा वा त्याहून अधिकही असू शकतो, औषध बदलले किंवा त्याची मात्रा कमी-जास्त झाली, तर त्या आजाराशी संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरांनी कमी केली असली, म्हणजे प्रकृती सुधारली असली, तरी बऱ्याच पॉलिसींमध्ये तो बदलच मानला जातो. दादांनी यंदाची पॉलिसी घेण्यापूर्वी गोळी कोणत्या तारखेला बदलली, ते कंपनीला लेखी कळवावे, उत्तर लेखी घ्यावे आणि गरज पडली तर प्रयाण महिनाभर पुढे ढकलावे. माणसे विमानाचे तिकीट आधी काढतात आणि पॉलिसी नंतर वाचतात. हा क्रम उलटा हवा.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत दादांना चिंता नाही. ‘ओल्ड एज सिक्युरिटी’ हे सरकारी वेतन पूर्ण मिळण्यासाठी १८ व्या वर्षानंतर ४० वर्षांचे वास्तव्य लागते. त्यांची ६५ व्या वर्षापर्यंत सुमारे ३२ वर्षे भरली असल्याने त्यांना पूर्ण रकमेच्या ३२/४० इतका वाटा मिळत असणार, आणि २० वर्षांहून अधिक वास्तव्य असल्यामुळे तो जगात कोठेही राहून घेता येतो. नोकरीतील वर्गणीवर आधारलेले ‘कॅनडा पेन्शन प्लॅन’ तर कोठेही मिळते.

अडचण आपल्या वहिनींची आहे. २००९ पासून मोजले तर ६५ व्या वर्षी त्यांची जेमतेम १७ वर्षे भरतील. कॅनडात राहून वेतन मिळण्यास १० वर्षे पुरतात, त्यामुळे ते सुरू होईल. परंतु २० वर्षे पूर्ण नसलेली व्यक्ती देशाबाहेर गेली, तर जाण्याचा महिना आणि त्यानंतरचे सहा महिने संपताच ते थांबते. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी पूरक रक्कम, ‘गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट’, सहा महिन्यांहून अधिक अनुपस्थितीत दोघांचीही थांबते, मग वास्तव्य कितीही वर्षांचे असो. ज्या सुनेने अठरा वर्षे सासूची सेवा करून डिचोलीचे घर उघडे ठेवले, तिचीच वर्षे कॅनडाच्या वहीत कमी भरावीत, याला काय म्हणावे! वहिनींनी त्या काळात भविष्यनिर्वाह निधी असलेली नोकरी केली असेल, तर तेवढे मात्र अवश्य तपासावे, कारण १ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या भारत–कॅनडा सामाजिक सुरक्षा करारामुळे अशा नोकरीचा काळ पात्रता ठरवताना उपयोगी पडू शकतो. एरवी २०२९ पर्यंत, म्हणजे त्यांची २० वर्षे भरेपर्यंत, दोघांनी एका वेळी सहा महिन्यांच्या आतच परतावे.

मेक्सिकोच्या बाजूनेही सहा महिन्यांचीच मर्यादा सोयीची आहे. कॅनडाच्या नागरिकाला तेथे व्हिसाविना जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. पण किती दिवस द्यायचे हे उतरल्यावर अधिकारी ठरवतो, म्हणून शिक्क्यावरचा आकडा तेथल्या तेथे वाचावा. त्याहून अधिक राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी कॅनडातील मेक्सिकन वाणिज्य दूतावासात उत्पन्नाचे किंवा ठेवींचे पुरावे दाखवून तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा घ्यावा लागतो आणि तेथे पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत रहिवासी कार्डाची कार्यवाही सुरू करावी लागते. ते कार्ड आधी एका वर्षाचे आणि पुढे एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते.

आता घर. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमानुसार समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटर पट्ट्यात परकीयाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. पुएर्तो वायार्ता किनाऱ्यावरच असल्याने तेथे बँकेच्या नावे विश्वस्त व्यवस्था करावी लागते, जिला स्पॅनिशमध्ये ‘फिदेइकोमिसो’ म्हणतात : कागदोपत्री मालक बँक, उपभोगाचा, विकण्याचा आणि वारस नेमण्याचा हक्क आपला, मुदत ५० वर्षे, नंतर नूतनीकरण, आणि दरवर्षी बँकेचे शुल्क. ही व्यवस्था कायदेशीर असून हजारो परकीयांनी ती स्वीकारली आहे, त्यामुळे तिला घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते ‘एहिदो’च्या जमिनीला. ही गावाच्या शेतकरी समूहाची जमीन. तिचे तुकडे परकीयांना स्वस्तात दाखवले जातात, हातात साध्या कागदावरचा करार येतो आणि मालकी मात्र समूहाकडेच राहते. आपल्याकडे कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या, जमिनीवर घर बांधून पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. दादांना एवढे एक उदाहरण आठवून दिले तरी पुरे. अहिहिक हे किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्याबाहेर असल्याने तेथे परकीयाला स्वतःच्या नावे घर घेता येते. सरोवराची ती बाजू समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आणि सौम्य असते; उलट पुएर्तो वायार्ताचा उन्हाळा आपल्या मे-जूनसारखा दमट असून त्या किनाऱ्यावर मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो. आठ महिने राहायचे तर त्यातला काही काळ या हंगामात जाणार. माझे मत विचाराल, तर त्यांनी आणखी दोन हिवाळे भाड्यानेच राहावे आणि त्यातला एक पुएर्तो वायार्ता येथे काढून पाहावा.

ओंटारिओचे घर विकण्याची घाई का, हेही विचारून घ्या. बहुधा बंद घराची कटकट हे कारण असेल. आपण पावसाळ्यात चार महिने घर बंद ठेवले, तर भिंतींना बुरशी आणि दारांना वाळवी लागते. तेथे हिवाळ्यात नळातले पाणी गोठून नळ फुटतात, आणि घराकडे ठरल्याप्रमाणे कोणी फेरी मारली नसेल, तर घराचा विमाही दावा नाकारू शकतो. त्यावर उपाय आहेत : पाणी मुख्य नळापाशी बंद करून नळ रिकामे करणे, थोडी ऊब चालू ठेवणे, आणि मुलाने फेरी मारून तारीख लिहून ठेवणे.

डिचोलीच्या हिश्श्याविषयी मात्र सबुरी ठेवा. आपल्या मातोश्रींच्या पश्चात वारसांची नोंद किंवा इन्व्हेंटरीची (कोर्टामार्फत वारसांत वाटणी करण्याची) कार्यवाही झाली आहे का, ते आधी पाहावे. ती झाल्याशिवाय कोणाचा हिस्सा किती, हेच ठरत नाही. दादांचा विवाह गोव्यात झाला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर येथील नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून विक्रीखतावर वहिनींची सही हवीच. कुळागर ही शेतजमीन आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीकडे ती वारशाने राहू शकते, परंतु विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. अनिवासी व्यक्तीकडून घर घेणाऱ्याला रक्कम देतानाच प्राप्तिकर कापून भरावा लागतो. सहवारस म्हणून आपल्याला अग्रहक्क आहे का, हे वकिलाला विचारून ठेवा, आणि दादांनी मुखत्यारपत्र पाठवले तरी हे सारे स्पष्ट होईपर्यंत त्यावर काहीही करू नका.

राहिला आपला संकोचाचा प्रश्न. टोरांटोहून पुएर्तो वायार्ता थेट विमानाने साधारण पाच तासांवर आहे. गोव्याला यायला विमान बदलत जवळजवळ एक दिवस जातो. हिवाळ्यात टोरांटो आणि गोवा यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते, चपाला आणि टोरांटो यांच्यात एका तासाचे. नातवंडे शाळेतून आल्यावर आजीशी बोलू शकतात, यात बरेच काही आले. आणि ती भूमी त्यांना वाटते तितकी परकी नसावी : आपला चिकू, पपई, मिरची मूळची तिकडची, आणि दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडूही तिकडचाच, १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकन लोक पितरांसाठी त्याच फुलांच्या आराशी करतात. वहिनींना पहिल्या हिवाळ्यात ते ढीग पाहून काय वाटले, हे त्यांना एकदा विचारा.

गोवा त्यांच्या हिशेबात बसतच नाही, असे मात्र नाही. २१२ मधून मेक्सिकोचे १८० वजा केले, तर ३२ दिवस उरतात. चवथीला येऊन, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून, विसर्जनानंतरही दोन-तीन आठवडे राहून परत जाण्यास ते पुरतात. दादांना पत्र लिहाल, तेव्हा ही वजाबाकी त्यात अवश्य लिहा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून कॅनडाचे कायम रहिवासी आहोत, पासपोर्ट भारतीय आहेत. वर्षातील सात महिने आम्ही म्हापशाला असतो. या हिवाळ्यात तिकडचे शेजारी आम्हाला दोन महिन्यांसाठी मेक्सिकोला बोलावत आहेत, आणि हे दरवर्षी करावे असा त्यांचा आग्रह आहे. व्हिसा लागेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कॅनडाचे वैध कायम रहिवासी कार्ड जवळ असेल, तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा पर्यटक व्हिसा लागत नाही. विमान मात्र थेट असावे. अमेरिकेत विमान बदलायचे झाल्यास केवळ तेवढ्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. परतीच्या विमानात बसताना हेच कार्ड दाखवावे लागते, तेव्हा त्याची मुदत आताच पाहून ठेवा.

आपण न विचारलेला प्रश्न अधिक गंभीर आहे. कायम रहिवासाचा दर्जा टिकण्यासाठी दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. सात महिने म्हापसा आणि दोन महिने मेक्सिको दरवर्षी धरले, तर कॅनडासाठी तीन महिने, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ४५० दिवस उरतात. परदेशातले दिवस मोजले जाण्याची सवलत कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर राहिल्यास मिळते, ती आपल्याला लागू नाही. यंदा जाऊन या. दरवर्षी जायचे असेल, तर म्हापशाच्या मुक्कामातून किमान दोन महिने कमी करावे लागतील.